वाचकांचे प्रश्न : ‘बाई, एकीला जाऊ?’

शाळा उघडून महिना झाला की आमच्या टपालात एका विषयाची पत्रं हमखास येतात : लहान वर्गातल्या लघवीच्या सुट्टीची. यंदा मराठवाड्यातून आलेली सात निवडली आहेत. उत्तरं लहान मुलांचे डॉक्टर आणि प्राथमिक शिक्षिका यांनी मिळून दिली आहेत. पत्रं जागेअभावी कापली आहेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे पहिलीचा वर्ग, पट ४५. एकानं करंगळी वर केली की पाठोपाठ दहा करंगळ्या. सोडावं तर वर्ग रिकामा, न सोडावं तर बस्करपट्टी ओली. नियम करावा तरी कसा?
— शिक्षिका, ता. आष्टी, जि. बीड

बाई, त्या दहा करंगळ्यांतल्या खऱ्या किती, हे बाहेरून कळत नाही. सहा वर्षांच्या लेकराला स्वतःलाही ते नीट सांगता येत नाही. म्हणून खरं-खोटं ठरवायचं काम तुमच्याकडे राहणारच नाही, असा नियम करा.

आधी पिशवीचा हिशोब. लघवीच्या पिशवीत किती मावतं याचा अंदाज डॉक्टर असा काढतात : वयात २ मिळवायचे आणि ३० नं गुणायचं. सहा वर्षांचं लेकरू म्हणजे ८ गुणिले ३०, २४० मिली. साधारण पाण्याचा एक पेला. पाच वर्षांपुढचं निरोगी मूल दिवसाला ४ ते ७ वेळा लघवीला जातं. घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत सात तास धरले, तर शाळेत दोन-तीनदा जाणं ठरलेलंच. जे लेकरू दिवसभर एकदाही उठत नाही ते शहाणं म्हणून कौतुकाला पात्र नाही. ते एकतर पाणी पीत नाही किंवा धरून ठेवतंय.

आता रांगेचा हिशोब. हा बहुतेक शाळांत कुणी मांडलेलाच नसतो. २२ मुलगे आणि २३ मुली धरा. मुलग्यांना तीन मुताऱ्या असतील आणि एकाला एक मिनिट लागलं तर आठ मिनिटांत सगळे मोकळे. मुलीला आत जाणं, कडी लावणं, लेगिंग्ज किंवा नाडी, पाणी टाकणं असं दोन मिनिटांचं काम. दोन भांडी चालू असतील तर २४ मिनिटं, एकच असेल तर पाऊण तास. छोटी सुट्टी दहा मिनिटांची! म्हणजे निम्म्याहून जास्त मुलींचा नंबर लागतच नाही. त्यात दुसरीच्या नि तिसरीच्या मुली त्याच रांगेत. मग सुट्टी संपल्यावर पंधरा मिनिटांनी करंगळ्या वर होतात आणि आपण त्याला चाळे म्हणतो. ‘स्वच्छ भारत : स्वच्छ विद्यालय’ मोहिमेत (२०१४) साधारण ४० विद्यार्थ्यांमागे एक संडास आणि तीन मुताऱ्यांचा एक संच सुचवला आहे. तुमच्याकडे किती संच आहेत ते एकदा मोजा. मोजताना भिंती मोजू नका, कडी लागणारी आणि पाणी असलेली दारं मोजा.

हिशोब झाला की अर्धा नियम आपोआप सुचतो. मुलींना छोट्या सुट्टीच्या पाच-सात मिनिटं आधी सोडा. पहिली आणि दुसरीची वेळ पाच मिनिटांनी पुढे-मागे ठेवा. परिपाठानंतर, छोट्या सुट्टीत, खिचडीच्या आधी हात धुताना आणि घरी सुटण्यापूर्वी, अशा चार ठरलेल्या वेळी सगळ्या वर्गाला ‘जाऊन या’ म्हणा. लागली का, असं विचारू नका. खेळाच्या नादात असलेलं लेकरू ‘नाही’च म्हणतं.

उरलेल्या मधल्या वेळेसाठी झाकणांची पद्धत चांगली चालते. पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं घ्या, लाल मुलींचं, निळं मुलग्यांचं. भोक पाडून सुतळी ओवा आणि दाराच्या चौकटीला अडीच-तीन फुटांवर दोन हुकांना टांगा. लागली की लेकरानं करंगळी दाखवायची, झाकण काढून स्वतःच्या बस्करपट्टीवर ठेवायचं आणि जायचं. आलं की परत टांगायचं. तुम्ही फक्त मान हलवायची, पाठ थांबवायचा नाही. झाकण संडासात न्यायचं नाही. ते जागेवर राहिलं की स्वच्छही राहतं आणि बाहेर कोण आहे हे एका नजरेत दिसतं. हुक रिकामा असेल तर थांबायचं, हे लेकरांना दोन दिवसांत समजतं. मात्र मांड्या आवळून बसलेलं, टाचेवर बूड टेकवून उकिडवं झालेलं किंवा जागेवर उड्या मारणारं लेकरू दिसलं तर झाकण असो-नसो, त्याला पळू द्या. त्याच्याकडे वेळ उरलेला नसतो.

स्वच्छतागृह पटांगणाच्या पलीकडे असेल तर जोडीनं पाठवा. एकदा लेकराच्या चालीनं स्वतः जाऊन या आणि घड्याळ बघा. तेवढ्या वेळात दोन मिनिटं मिळवली की तुमची मर्यादा मिळाली. ती उलटली की रागवायला नव्हे, बघायला कुणाला तरी पाठवा. कडी अडकलेली असू शकते.

पहिले पंधरा दिवस झाकणं सतत फिरतील. फिरू द्या. नवलाई ओसरली की ज्याला लागत नाही त्याला रिकामं जाऊन येण्याचा कंटाळा येतो. त्यानंतरही एखादं लेकरू सारखं उठत असेल तर पाच दिवस वहीत फक्त वेळ टिपा, त्याला काही बोलू नका. गणिताच्याच तासाला उठत असेल तर अडचण गणितात आहे. सुट्टी संपल्याबरोबर उठत असेल तर सुट्टीतल्या गर्दीत त्याला कुणी आत जाऊ देत नाही. दिवसभर सारखंच उठत असेल तर डॉक्टरांकडे पाठवा.

दोन गोष्टी मात्र टाळाच. ‘आज एकदाही गेला नाही’ म्हणून स्टार किंवा टाळ्या देऊ नका. ते धरून ठेवण्याला बक्षीस होतं. आणि गृहपाठ न केल्याची शिक्षा म्हणून लघवीची सुट्टी तोडू नका.

तुमच्या तालुक्यात आणखी एक बाब असते. ऊसतोडीला गेलेल्या घरची लेकरं पाडव्याच्या सुमारास परत येतात. फडाजवळच्या कोपीत त्यांचं सगळं उघड्यावर झालेलं असतं. त्यातल्या काहींनी भांडं जवळून पाहिलेलंही नसतं. त्यांना सगळ्यांदेखत समजावू नका. शाळा सुटल्यावर तीन-चार जणांना रिकाम्या संडासात नेऊन दाखवा : तोंड कुठं करायचं, पाय कुठं, पाणी आधी थोडं आणि नंतर जास्त, कडी कशी उघडते. आधी थोडं पाणी टाकून भांडं ओलं केलं की घाण चिकटत नाही. हे मोठ्यांनाही माहीत नसतं.

कपाटात दोन इलॅस्टिकच्या चड्ड्या, एक सलवार, जुना टॉवेल, प्लास्टिकच्या पिशव्या आणि रद्दी ठेवा. ओलं झालंच तर वर्गाला दुसरं काम द्या, लेकराला बाहेर न्या, जागा रद्दीनं टिपून फिनेलच्या पाण्यानं पुसा. कपडे पिशवीत बांधून दप्तरात ठेवा आणि आईला फाटकाबाहेर ओरडून सांगू नका.

प्रश्न : मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत, खासगी शाळेत. सुट्टीशिवाय सोडत नाहीत. पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. घरी आली की दप्तर फेकून पळते, कधी दारातच कपडे ओले होतात. दोन महिन्यांत दोनदा ताप आला, लघवीला जळजळ होती. शाळा म्हणते, ‘तिला सवय लावा.’
— आई, लातूर

ताई, आधी डॉक्टर, मग शाळा. ताप आणि जळजळ दोन्ही असेल तर लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) दोन्ही करायचं, तेही औषध सुरू करण्याआधी. नंतर घेतलेल्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. जागा साध्या पाण्यानं धुवायची, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली लघवी प्रयोगशाळेनं दिलेल्या निर्जंतुक बाटलीत धरायची. तासाभरात पोचवता येत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवायची. दोनदा संसर्ग झाला असेल तर डॉक्टर पोटाची सोनोग्राफीही सांगतील. घाबरून जाऊ नका, ती टाळूही नका.

हे असं का होतं? लघवी धरायची म्हणजे खालचे स्नायू आवळायचे. रोज पाच-सहा तास आवळले की सोडायच्या वेळीही ते पूर्ण सैल होत नाहीत. थोडी लघवी आत राहते आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. त्यात पाणी कमी प्यायलं की लघवी गडद होते, गडद लघवी पिशवीला चुरचुरते आणि घाई आणखी वाढते. पाणी कमी केलं की कपडे कमी ओले होतील हा हिशोब उलटा पडतो तो असा. तुमची मुलगी बाटली मुद्दाम उघडत नसणार. जायला मिळत नाही हे तिनं ओळखलंय.

या वयाला दिवसभरात साधारण १ ते १.४ लिटर पाणी, दूध, ताक मिळून लागतं; एप्रिल-मेच्या उन्हात जास्त. त्यातलं निम्मं जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोटात जायला हवं. सकाळचा चहा बंद करा. घरी असताना दर दोन-अडीच तासांनी, लागो न लागो, पाठवा. बसताना लेगिंग्ज गुडघ्यात अडकवून न ठेवता पार खाली करायची, म्हणजे मांड्या मोकळ्या राहतात. धार थांबली की वीसपर्यंत मोजून पुन्हा प्रयत्न करायचा. पुष्कळदा आणखी थोडी होते. धुताना हात समोरून मागे न्यायचा, उलट नाही. चड्डी सुती आणि सैल. आणि रोज शी होते का, कडक होते का, हे पाहा. भरलेलं आतडं लघवीच्या पिशवीला दाबतं. मलावरोध तसाच ठेवून लघवीचा त्रास जात नाही.

शाळेत आधी वर्गशिक्षिकेला भेटा. नियम बहुधा तिनं केलेला नसतो. नंतर मुख्याध्यापकांना एका पानाचं पत्र द्या आणि पोच घ्या. मजकूर एवढाच हवा : मुलीला लघवीचा संसर्ग झाला आहे, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे, तिला दर दोन तासांनी आणि मागेल तेव्हा सोडावे, वर्गात बाटलीतून पाणी पिऊ द्यावे. डॉक्टरांकडून चिठ्ठीत ‘दर दोन तासांनी’ हे शब्द लिहूनच घ्या. ‘काळजी घ्यावी’ असं मोघम लिहिलं तर काही बदलत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे, आणि ती खासगी शाळेलाही लागू आहे. आजारी लेकराला लघवीला न सोडणं त्यात कसं बसतं हे शाळेला वेगळं सांगावं लागत नाही. पत्रानंही फरक पडला नाही तर पालक-शिक्षक संघात विषय घ्या, मग शिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी द्या. तुमच्यासारख्या आणखी चार आया सापडतील. पत्र पाच जणींच्या सहीनं गेलं तर बरं.

तपासणीला एक दिवसही थांबू नये अशी लक्षणं : लघवीत रक्त किंवा कोऱ्या चहासारखा रंग, थंडी वाजून ताप आणि उलट्या, कंबरेच्या वरच्या बाजूला दुखणं. आणि खूप तहान, रात्री उठून लघवी, वजन उतरणं हे तिन्ही एकत्र दिसलं तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. लहान मुलांचा मधुमेह असाच सुरू होतो, आणि ‘सारखा लघवीला पळतो’ म्हणून लेकरू आधी वर्गात रागवून घेतं.

प्रश्न : मुलाला ‘मे आय गो टू टॉयलेट’ पूर्ण म्हणता आलं नाही म्हणून बसवून ठेवलं. इंग्रजी सुधारण्यासाठी हे योग्य आहे का?
— पालक, परभणी

नाही. इंग्रजीला दिवसभर तास आहेत. करंगळी सगळ्या भाषांत समजते.

प्रश्न : पट ८०, गाव टँकरवर. पाणी नाही म्हणून स्वच्छतागृहाला कुलूप आहे. मुलं शाळेमागं जातात, मुली दिवसभर जातच नाहीत. उघडलं तर वासानं शेजारच्या वर्गात बसवत नाही.
— मुख्याध्यापक, ता. भोकरदन, जि. जालना

सर, ‘पाणी नाही’ म्हणण्याआधी किती लागतं ते मांडू. ४० मुलगे, ४० मुली धरा, प्रत्येकी दोन वेळा लघवी. मुलग्यामागे अर्धा लिटर, म्हणजे ४० लिटर. मुलींचं भांडं, तिथं एक लिटर, म्हणजे ८० लिटर. दिवसाला आठ जण संडासला गेले तर प्रत्येकी चार लिटर, ३२. हात धुणं ८० जण, तीन वेळा, पाव लिटर, ६०. शाळा सुटल्यावर फरशी धुवायला ४०. बेरीज २५२ लिटर. म्हणजे २०० लिटरचा एक ड्रम आणि वर चार-पाच घागरी. टँकर आला की पहिला ड्रम स्वच्छतागृहाचा, अशी व्यवस्था ग्रामपंचायतीशी बोलून ठरवता येते. हा आकडा कागदावर घेऊन गेलात तर बोलणं लवकर मिटतं. ‘पाणी द्या’ म्हणून गेलात तर मिटत नाही.

यातही बचत आहे. खिचडीच्या आधी हात धुतलेलं पाणी खाली टब ठेवून धरा आणि ते मुताऱ्यांत टाका. जेवणानंतरचं खरकटं पाणी मात्र वेगळं, ते जाळीतून गाळून शोषखड्ड्यात. नळाऐवजी पाच लिटरच्या कॅनला खिळ्यानं भोक पाडून, दोरी आणि पायाची काठी लावून आडव्या बांबूला टांगा. पायानं दाबलं की कॅन कलतो, बारीक धार पडते आणि एका कॅनमध्ये चाळीस-पन्नास जणांचे हात निघतात. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून शेजारी बांधा. उघडी ठेवलेली वडी कावळे पळवतात, पोरांवर उगाच आळ येतो.

भांडं कोणतं बसवलंय तेही पाहा. उताराचं ग्रामीण भांडं आणि त्याचा कमी पाण्याचा ट्रॅप (भांड्याखालची पाणी धरून ठेवणारी वाकडी नळी) दीड-दोन लिटरमध्ये साफ होतो. ठेकेदारानं शहरी पद्धतीचं सपाट भांडं बसवलं असेल तर त्याच कामाला पाच-सहा लिटर जातात आणि टँकरच्या गावात ते भांडं कायम तुंबलेलं राहतं. पुढच्या दुरुस्तीत आधी हे बदला, टाईल्स नंतर.

वासाची कारणं तीन, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. पहिलं : मे महिन्याच्या सुट्टीत ट्रॅपमधलं पाणी आटतं. ते पाणीच टाकीतल्या वायूला अडवत असतं. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भांड्यात आणि जाळीत एक-एक तांब्या पाणी ओता. कुलूप असलं तरी आठवड्यातून एकदा ओता. दुसरं : लघवीवर पाणी पडलं नाही की जंतू तिच्यापासून अमोनिया तयार करतात, डोळ्यांना झोंबतो तो हाच. मुताऱ्यांवर दोन्ही सुट्ट्यांनंतर आणि शाळा सुटल्यावर असं तीन वेळा पाणी टाकलं तर तो जमत नाही. तिसरं : बोअरचं जड पाणी. त्यातले क्षार आणि लघवी मिळून पिवळट पांढरा थर धरतो आणि त्या थरात वास मुरतो. नुसत्या पाण्यानं तो जात नाही. आठवड्यातून एकदा संडास साफ करायचं द्रावण थरावर टाकून वीस मिनिटं ठेवा, घासा, भरपूर धुवा. दुकानात मिळणारं कडक ॲसिड वापरू नका. ते टाईल्सच्या सांध्यातलं सिमेंट खातं आणि मग लघवी सांध्यात मुरून वास दुप्पट होतो. आणि ब्लिचिंग पावडर व ॲसिड एका दिवशी, एका जागी कधीच नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो जीवावर बेततो.

सफाईला लेकरांना लावू नका, पाळी लावूनही नाही. संयुक्त शाळा अनुदानातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी असतो. ब्रश, द्रावण, साबण आणि सफाईचं मानधन त्यातून शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानं घ्या. दुरुस्ती किंवा पाण्याच्या टाकीसारखा मोठा खर्च असेल तर ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चावा लागतो. मागणी ग्रामसभेच्या आराखड्यात वेळेवर घालायला हवी.

आणि सर, कुलूप आजच काढा. मुलामुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहं ही शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातली अट आहे. कुलूपबंद खोली ती पूर्ण करत नाही.

प्रश्न : अंगणवाडीत तीन वर्षांची मुलं येतात. काही सांगतच नाहीत, जागेवर करतात. काही भांड्यावर बसायला रडतात.
— सेविका, ता. देगलूर, जि. नांदेड

‘सांगत नाहीत’ यात भाषेचा भाग मोठा असतो. तुमच्याकडे एका खोलीत मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोरमाटी बोलणारी घरं असतील. लेकरू घरच्या शब्दात सांगतं आणि ते आपल्याला कळत नाही. नाव दाखल करताना आईला विचारून हजेरीत नावापुढे तिचे दोन शब्द लिहून ठेवा, लघवीचा आणि शीचा. एवढ्यानं अर्धी ओल कमी होते.

तीन वर्षांचं लेकरू सांगेल म्हणून थांबू नका, घड्याळानं न्या : आल्यावर, मग दर दीड तासानं, खाऊनंतर. इलॅस्टिकची चड्डी हवी. पट्टा, हुक, घट्ट जीन्स घालून पाठवू नका असं पालकांच्या बैठकीत सांगा. भांड्याची भीती खरी असते. मोठ्यांच्या भांड्याचे पायठसे इतके लांब असतात की त्या पायांना फाकवून बसताना तोल जातो. आधी आठवडाभर मोरीच्या कडेला बसवा, मग भांड्याच्या पुढच्या अरुंद बाजूला, दोन्ही हात धरून. पाणी टाकताना लेकराला बाजूला घ्या. पुष्कळांना भीती त्या आवाजाची असते.

धुवायचं काम सेविका किंवा मदतनीस यांपैकी एकीनंच करावं, ती कोण हे पालकांना माहीत असावं, आणि दार ओढून घ्यावं पण बंद करू नये. नंतर दोघांचेही हात साबणानं, वीसपर्यंत मोजून.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. शाळेत शीला जात नाही. अलीकडे चड्डीला डाग दिसतात. आळशी झालाय म्हणून मारलं, तरी फरक नाही.
— वडील, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली

दादा, मार आजच थांबवा. हे त्याच्या हातात नाही. शाळेत धरून धरून आतड्यात कडक खडा बसतो. आतडं ताणलं गेलं की शीची जाणीवच बोथट होते, आणि वरची पातळ शी खड्याच्या कडेनं झिरपते. डाग तोच. त्यामुळे ‘याला तर जुलाब आहेत’ असं वाटून घरात जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं आणि खडा आणखी घट्ट होतो.

डॉक्टर आधी खडा मोकळा करायचं औषध देतील आणि मग मऊ ठेवायचं. हे दुसरं औषध महिनोन्‌महिने चालतं. आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद केलं की सगळं पहिल्यावर येतं. बहुतेकांचं इथंच चुकतं. सोबत रोज सकाळी आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा. जेवलं की आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्या. भारतीय भांडं उत्तम. घरी कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू, भरपूर पाणी. दूध दिवसाला दोन पेल्यांच्या आत.

शाळेत का जात नाही ते त्याला शांतपणे विचारा. पाणी नाही, दार लागत नाही, मोठी पोरं वरून डोकावतात, वास येतो : उत्तर यातलंच एक असतं. ते कळल्याशिवाय औषध अर्धंच काम करतं. वर्गशिक्षकांना एवढं सांगा की दोन नंबरला निघाला तर किती वेळ लागला हे वर्गात विचारू नका.

प्रश्न : नात दुसरीत आहे. शाळेच्या संडासात एकटी जायला भिते. कारण सांगत नाही.
— आजोबा, कळंब, जि. धाराशिव

आधी शाळा सुटल्यावर तिच्यासोबत तिथं जाऊन या आणि दार लावून बघा. अंधार, पाल, उंच कडी, अडकणारं दार यांतलं काही असेल तर लगेच दिसेल. कडी जमिनीपासून अडीच फुटांवर हवी आणि बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल अशी हवी. वर खिडकी नसेल तर पत्र्याच्या जागी एक पारदर्शक पत्रा बसवला की वीज नसतानाही उजेड येतो. मोठ्या वर्गाच्या मुली दटावत असतील तर पहिली-दुसरीला एक दार वेगळं राखून त्यावर फुलाचं चित्र काढायला सांगा.

जागेत काही दोष दिसला नाही आणि भीती मात्र एखाद्या माणसाचं नाव निघालं की वाढत असेल, तर विषय वेगळा आहे. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या २०२४ च्या घटनेनंतर हे उघड बोललं जाऊ लागलं, ते बरं झालं. तिला खोदून खोदून विचारू नका आणि ‘असं काही नसेल’ही म्हणू नका. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, तिच्या आई-वडिलांना सोबत घ्या आणि १०९८ या क्रमांकावर फोन करा. हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत.